तीन ओएस, एक रेपो आणि मध्ये मी: माझा अनुभव

आमच्या प्रोग्रामर टीममध्ये तिन्ही पंथांचे, म्हणजे तीन ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) वापरणारे, लोक आहेत, आणि सगळ्यांचा कोड एकाच रेपोमध्ये (कोडच्या सामायिक साठ्यात) असतो. मॅकवाले सगळ्यात जास्त, विंडोजवाले त्यांच्या खालोखाल, आणि लिनक्सवाले मोजके पण आवाज त्यांचाच मोठा. मी त्या मोजक्यांपैकी एक, हे आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी पक्षपात केलास म्हणायला नको. भांडणं रोजची. कोणाचं टर्मिनल भारी, विम नावाचा एडिटर शिकण्यात वर्षं घालवावीत का, माऊसला हात लावणारा माणूस प्रोग्रामर म्हणावा का, वगैरे वगैरे. नवीन काहीच नसतं त्यात. व्हीआय (विमचा पूर्वज) आणि ईमॅक्स हे दोन्ही एडिटर 1976 सालचे, म्हणजे हे भांडण आमच्यातल्या जवळजवळ सगळ्यांपेक्षा वयाने मोठं आहे. आमच्याकडे ईमॅक्सवाला एकच आहे आणि तो प्रत्येक नव्या माणसाला ईमॅक्स बनवणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनचा तो जोक ऐकवतोच, की व्हीआय तीनदा लिहून रोमन आकड्यांत वाचलं की 666 होतं, सैतानाचा आकडा. त्यावर विमवाले त्याला विचारतात की तुझी करंगळी कशी आहे आता, कारण ईमॅक्समध्ये कंट्रोल दाबून दाबून ती दुखते. असं चालू असतं.

तर झालं असं की लागोपाठ काही रिलीज लटकले आणि दर वेळी कारण तेच, 'माझ्या मशीनवर तर चालतंय'. मॅनेजर वैतागले आणि म्हणाले की सगळ्यांनी एकच ओएस वापरायची, विषय संपला. मग कोणती ओएस यावर मीटिंग बसली. तिचं काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. शेवटी मीच म्हटलं, "सर, लॅपटॉप बदलायच्या आधी एकदा बघू तरी द्या की नक्की फाटतंय कुठे." ते म्हणाले, "बघ, पण लवकर बघ." झालं, लचांड माझ्या गळ्यात.

मी आधी काय केलं तर जुन्या लाल झालेल्या, म्हणजे फसलेल्या, बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायचे प्रयत्न) उकरल्या आणि चॅटमधले 'कोणाला हा एरर येतोय का' वाले मेसेज शोधले. त्यात एक गंमत दिसली. ज्या गोष्टींवरून आम्ही तावातावाने भांडतो, म्हणजे एडिटर, थीम, शेल (आपण दिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम), विंडो मॅनेजर, त्यांच्यामुळे एकही बिल्ड फाटली नव्हती. एकही नाही. फाटल्या होत्या त्या सगळ्या अशा बारीक गोष्टींमुळे ज्यांच्याबद्दल जेवणाच्या टेबलावर कधी कोणी तोंड उघडलेलं मी ऐकलं नाही.

सगळ्यात जास्त रक्त आटवलं ते ओळीच्या शेवटाने. विंडोजवर ओळ संपते ती दोन अक्षरांनी, सीआर (कॅरेज रिटर्न) आणि एलएफ (लाइन फीड), आस्की या अक्षरांच्या क्रमांक-यादीतले 13 आणि 10. लिनक्स आणि आताच्या मॅकवर नुसता एलएफ. (जुन्या मॅकवर, ओएस एक्सच्या आधी, नुसता सीआर होता, म्हणजे एकेकाळी तिघांनी तीन वेगळ्या पद्धती धरल्या होत्या, धन्य आहे.) हे टेलिप्रिंटरच्या काळातलं खटलं, एका अक्षराने डोकं डावीकडे आणायचं आणि दुसऱ्याने कागद एक ओळ सरकवायचा. आता कागद गेला, टेलिप्रिंटर गेला, सीआर मात्र आमच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासकट चालवायच्या डब्यात) बसलाय. एका विंडोजवाल्या सहकाऱ्याने इमेज (कंटेनरचा साचा) बिल्ड केली की कंटेनर सुरू होताच मरायचा आणि मेसेज यायचा की एंट्रीपॉइंटची, म्हणजे सुरुवातीला चालणारी, स्क्रिप्ट, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. तो बिचारा मला स्क्रीन दाखवतोय, "अगं ही बघ ना फाइल, इथेच तर आहे, परमिशनपण आहे." आणि फाइल खरंच होती. मग मी त्या इमेजमध्ये शेल उघडून कॅट डॅश कॅपिटल ए (न दिसणारी अक्षरंही दाखवणारी कमांड) मारलं, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी कॅरेट एम, म्हणजे सीआर. म्हणजे पहिल्या ओळीत स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅश या शेलचा पत्ता लिहिलाय त्यालाही सीआर चिकटलाय, आणि कर्नल (ओएसचा गाभा) इमानदारीत 'बॅश-आणि-पुढे-एक-सीआर' नावाचा प्रोग्राम शोधतोय. तो कुठून मिळणार. स्क्रिप्ट सापडली नाही असं तो म्हणतच नव्हता, इंटरप्रीटर (ती स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) सापडला नाही म्हणत होता, फक्त मेसेजमध्ये नाव स्क्रिप्टचं छापून येत होतं. असला मेसेज लिहिणाऱ्याला मला एकदा भेटायचंय.

हे होतं का, तर विंडोजवर गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) इन्स्टॉल करताना एक प्रश्न येतो ओळींच्या शेवटाबद्दल आणि सगळे नेक्स्ट नेक्स्ट करत पुढे जातात, मग ऑटोसीआरएलएफ ट्रू होऊन बसतं, चेकआउट करताना, म्हणजे रेपोतून फाइली आपल्या मशीनवर काढताना, एलएफचं सीआरएलएफ होतं. लिनक्सवाल्यांचं यावर म्हणणं, 'विंडोज फेकून द्या'. विंडोजवाल्यांचं म्हणणं, 'सेटिंग आमच्या मशीनचं आहे, आम्ही काय ठेवायचं ते आम्ही ठरवू'. दोन्ही ऐकून घेतलं आणि रेपोच्या मुळाशी डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स नावाची फाइल टाकली, सगळ्या टेक्स्ट फाइलींना एलएफ, फक्त बॅट फाइलींना (विंडोजच्या स्क्रिप्टना) सीआरएलएफ कारण त्यांना ते लागतं. ही फाइल कोणाच्याही वैयक्तिक सेटिंगला भारी पडते, त्यामुळे कोणी काय नेक्स्ट केलंय ते बघायची गरजच उरली नाही. पण आधीच सीआरएलएफसकट कमिट झालेल्या (गिटमध्ये नोंदलेल्या) फाइली निघाल्या बऱ्याच. गिट एलएस-फाइल्सला डॅश डॅश ईओएल दिलं की प्रत्येक फाइलपुढे तीन रकाने येतात, इंडेक्समध्ये (गिटच्या नोंदीत) काय आहे, डिस्कवर काय आहे आणि अ‍ॅट्रिब्यूट्सनी काय सांगितलंय. ती यादी वाचताना कळलं की कोणत्या फोल्डरमध्ये कोणाचं राज्य होतं. मग गिट अ‍ॅडला रीनॉर्मलाइझ देऊन सगळं एका कमिटमध्ये सरळ केलं.

त्या कमिटवरून मात्र खरी बोंब झाली. ब्लेम (कोणती ओळ शेवटची कोणी बदलली ते दाखवणारी गिटची कमांड) बघितलं की प्रत्येक ओळीवर माझं नाव. एकजण म्हणाला, "म्हणजे आता सगळे बग तुझे." यावर उपाय आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो: गिटच्या 2.23 पासून, म्हणजे 2019 पासून, ब्लेमला अशी एक फाइल देता येते ज्यात लिहिलेले कमिट तो ओलांडून मागे जातो. त्या फाइलमध्ये माझ्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) टाकला, कॉन्फिगमध्ये एक ओळ, आणि बग पुन्हा आपापल्या मालकांकडे गेले.

एवढं झालंच आहे तर फॉरमॅटरपण (कोडची मांडणी आपोआप सारखी करणारा प्रोग्राम) लावून टाकू म्हटलं, आणि ओळी आत सरकवायला टॅब की स्पेस हा विषय उघडला गेला. मला वाटलं होतं हे दोन मिनिटांचं काम, जे डिफॉल्ट आहे ते ठेवायचं, प्रेटियर हा फॉरमॅटर स्पेस देतो तर स्पेस. बहुमतही तिकडेच होतं. तेवढ्यात एक सहकारी, जो एरवी या भांडणांत पडत नाही, तो बोलला. त्याला कमी दिसतं, त्याचा फाँट इतका मोठा असतो की चार पातळ्या आत गेल्यावर कोड स्क्रीनच्या बाहेर जातो. टॅब असेल तर तो आपल्या एडिटरमध्ये एका टॅबची रुंदी एक अक्षर ठेवू शकतो, स्पेस असतील तर जे लिहिलंय ते भोगा. ब्रेल डिस्प्ले वापरणाऱ्यांचंही तेच, प्रत्येक स्पेस एकेक खाना खाऊन टाकते. सगळे गप्प. इतकी वर्षं ऐकलेल्या या वादात मला पहिल्यांदाच कोणीतरी सवय किंवा आवड सोडून दुसरं कारण दिलं होतं. जावास्क्रिप्टला टॅब लागले, त्याच दिवशी.

आता तुम्ही म्हणाल मग सगळीकडे टॅब करा. नाही ना होत. पायथनमध्ये पेप 8 (त्या भाषेचे लेखननियम) चार स्पेस सांगतं आणि ब्लॅक फॉरमॅटर टॅब ठेवूच देत नाही, यामल या सेटिंगच्या फाइलीत इंडेंटला (ओळ आत सरकवायला) टॅब चालतच नाही, आणि मेकफाइलमध्ये (मेक या बिल्ड करणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलीत) उलट टॅबच लागतो, स्पेस दिली की 'मिसिंग सेपरेटर' म्हणून बोंबलतो. मेकचा हा टॅब 1976 चा. स्टुअर्ट फेल्डमनने तो लिहिला, आणि टॅबची ही कटकट बदलावी असं वाटेपर्यंत डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, त्यांचं मोडायला नको म्हणून राहू दिला. डझनभर लोकांसाठी! तर आमच्या डॉट एडिटरकॉन्फिगमध्ये (एडिटरांना मांडणीचे नियम सांगणाऱ्या फाइलीत) आता प्रत्येक भाषेचा वेगळा कप्पा आहे आणि ती फाइल विम, ईमॅक्स, व्हीएस कोड सगळ्यांना समजते, कोणाला प्लगइन टाकून तर कोणाला आपोआप.

फाइलींच्या नावांत सगळ्यांचाच माज उतरला. मॅकची फाइल सिस्टीम डिफॉल्टने लहान-मोठं अक्षर एकच मानते, विंडोजची पण, लिनक्स मानत नाही. त्यामुळे फाइलचं नाव कॅपिटल यूने आणि इम्पोर्टमध्ये स्मॉल यू, हे मॅकवर गुपचूप चालतं आणि सीआयवर (बदल आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या लिनक्सच्या सर्व्हरवर) फुटतं. आणि नुसतं अक्षर बदलून नाव दुरुस्त करायला जाल तर गिटला मॅकवर तो बदल दिसतच नाही, गिट एमव्हीच (गिटची नाव बदलायची कमांड) करावं लागतं. लिनक्सवाले खूश, बघा आमचीच सिस्टीम खरी. मग विंडोजवाल्यांनी हळूच दुसरी बिल्ड दाखवली, जिच्यात आमच्यातल्याच एका लिनक्सवाल्याने ऑक्स नावाचं फोल्डर बनवलं होतं. विंडोजवर ऑक्स, कॉन, पीआरएन, नल ही नावं घेता येत नाहीत, पुढे डॉट जेएस लावलं तरी नाही. ही विंडोजच्या आधीच्या डॉसची देणगी, पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता, त्यामुळे प्रिंटरसारख्या डिव्हाइसची ही नावं सगळीकडेच राखीव, आणि 1983 मध्ये फोल्डर आले तरी ती तशीच राहिली. विंडोजवर तो ब्रँच (कोडची ती शाखा) चेकआउटच होत नव्हता. फोल्डरचं नाव बदललं, दोन्ही बाजू थोडा वेळ शांत.

शेल स्क्रिप्टांनी माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, आणि त्यातलं बरंच रटाळ आहे, थोडक्यात सांगते. सेड डॅश आय (फाइलीतला मजकूर जागच्या जागी बदलणारी कमांड) लिनक्सवर एका तऱ्हेने चालतं आणि मॅकवर दुसऱ्या, मॅकवर त्याच्यापुढे बॅकअपचं एक्स्टेन्शन द्यावंच लागतं, नको असेल तर रिकामं कोट, आणि तेच रिकामं कोट लिनक्सवर दिलं की तिथे फुटतं. बॅशचं तर आणखी मजेशीर, मॅकसोबत येणारं बॅश अजून 3.2 आहे, कारण पुढच्या आवृत्त्या जीपीएल 3 या परवान्याखाली गेल्या आणि अ‍ॅपलला तो परवाना नको होता. 2019 पासून त्यांनी डिफॉल्ट शेलच झेडशेल केला. त्यामुळे जुन्या बॅशला न कळणारे असोसिएटिव्ह अ‍ॅरे (नावाने मूल्य शोधायच्या याद्या) वापरलेली आमची स्क्रिप्ट लिनक्सवर मस्त आणि मॅकवर 'इनव्हॅलिड ऑप्शन'. मॅकवाले म्हणतात होमब्रूने (मॅकवर सॉफ्टवेअर टाकायच्या साधनाने) नवं बॅश टाका, मी म्हटलं उद्या नवीन येणारा माणूस ते विसरणार. शेवटी मी दहा-वीस ओळींपेक्षा मोठ्या सगळ्या स्क्रिप्ट पायथनमध्ये लिहून काढल्या. सुंदर काम नाही ते, पण तिघांकडे सारखं चालतं.

विंडोजवाल्यांना डब्ल्यूएसएल 2 वर (विंडोजमध्येच लिनक्स चालवायच्या सोयीवर) आणणं सोपं गेलं, त्यात खरा लिनक्स कर्नल असतो. फक्त त्यांनी रेपो सी ड्राइव्हवरच ठेवला होता आणि तिथून लिनक्समध्ये फाइली वाचायच्या म्हणजे गोगलगाय, वर फाइल बदलल्याची खबरच पोचत नाही त्यामुळे हॉट रीलोड (फाइल बदलली की प्रोग्राम आपोआप ताजा होणं) बंद. रेपो लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवला की दोन्ही मिटलं. आणि मॅकवाले, जे हे सगळं 'आमचं तर चालतंय' म्हणत बघत होते, त्यांच्या एम सिरीज चिपवर बनलेल्या इमेज सर्व्हरवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' देऊन पडत होत्या, कारण त्या आर्म प्रकारच्या चिपसाठीच्या आणि सर्व्हर इंटेलवाला. आता इमेज फक्त सीआय बनवतं, कोणाच्या लॅपटॉपवरून पुश करायची सोयच काढून टाकली.

मॅनेजरना सगळं दाखवलं. एक ओएस करायचा विषय त्यांनी परत काढला नाही, पण त्यांनी एक चांगला प्रश्न विचारला, "उद्या कोणी चौथीच ओएस आणली तर?" मी म्हटलं, सीआय हिरवं करून दाखव आणि खुशाल वापर. टीममधल्या एकाने लगेच फ्रीबीएसडी या आणखी एका ओएसचं नाव काढलं, त्याच्याकडे आम्ही दुर्लक्ष केलं.

सगळं मिटलंय असं मात्र नाही. सध्या पेटलेला मुद्दा डॉट गिटइग्नोर (गिटने कोणत्या फाइलींकडे दुर्लक्ष करायचं त्याची यादी). मॅकवाल्यांना त्यात डॉट डीएस-स्टोअर हवंय, विंडोजवाल्यांना थंब्स डॉट डीबी, विमवाल्यांना स्वॅप फाइली, आणि आमच्या ईमॅक्सवाल्याला टिल्डा लावलेल्या बॅकअप फाइली. माझं मत असं की रेपोच्या गिटइग्नोरमध्ये प्रोजेक्टचा कचरा जावा, आपल्या ओएसचा आणि एडिटरचा कचरा ज्याने त्याने आपल्या ग्लोबल एक्सक्लूड फाइलमध्ये टाकावा, गिटमध्ये त्यासाठीच ती सोय आहे. समोरचे म्हणतात, तत्त्व बरोबर आहे गं, पण नवीन माणूस पहिल्याच पीआरमध्ये (बदल मंजुरीला पाठवायच्या विनंतीत) डीएस-स्टोअर घेऊन येतो त्याचं काय, चार ओळींनी तुझं काय जातंय? पीआर उघडाच आहे, त्यावरच्या कमेंट बदलांपेक्षा लांब झाल्यात, आणि मी अजून अप्रूव्ह केलेला नाही.