सारखे गुण, मग पदक एकालाच का?

५ ऑगस्ट २०२४ हा पहिला श्रावणी सोमवार होता. शाळा लवकर सुटलेली, संध्याकाळी उपास सोडायचा म्हणून वरणभाताचा कुकर लावलेला, आणि मी अमळनेरच्या घरात मोबाइल उभा करून पॅरिस ऑलिंपिकमधल्या जिम्नॅस्टिक्सच्या शेवटच्या फायनल्स बघत बसलेले. आधी पुरुषांचा हॉरिझॉन्टल बार, म्हणजे उंच आडव्या दांड्यावरच्या कसरती, मग महिलांचा फ्लोअर, म्हणजे जमिनीवरच्या कसरती. त्या दीड-दोन तासांत जे घडलं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मी शाळेत खेळ शिकवते आणि मल्लखांबाच्या स्पर्धांना पंच म्हणून बसते. जिम्नॅस्टिक्सची पंच नाही. पण गुण देणं म्हणजे काय असतं ते हाताला ठाऊक आहे, म्हणून हे लिहिते आहे.

हॉरिझॉन्टल बारवर जपानचा शिन्नोसुके ओका आणि कोलंबियाचा आंखेल बाराहास, दोघांनाही १४.५३३ गुण. सुवर्ण ओकाला, रौप्य बाराहासला. त्याच फायनलमध्ये चीनचा झांग बोहेंग आणि तैवानचा तांग चिया-हुंग यांनाही सारखेच गुण, १३.९६६. तिथे मात्र दोघांनाही कांस्य. ही बरोबरी नियमांनाही फोडता आली नाही, म्हणून दोन पदकं निघाली. म्हणजे एकाच फायनलमध्ये वरची बरोबरी फोडली आणि खालची तशीच ठेवली. बघणाऱ्याला हे कसं समजावायचं?

फोडली कशी, ते सांगते. जिम्नॅस्टला दोन प्रकारचे गुण मिळतात. एक अवघडपणाचे, म्हणजे डी स्कोर: कोणत्या कसरती केल्या, त्या कशा जोडल्या, त्याची बेरीज. दुसरे सफाईचे, म्हणजे ई स्कोर: दहापासून सुरुवात करायची आणि चुकांचे गुण कापत जायचे. किरकोळ चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, पडलं तर १. ओकाचे गुण होते ५.९ आणि ८.६३३. बाराहासचे ६.६ आणि ७.९३३. बाराहासने कितीतरी अवघड संच, म्हणजे सलग कसरतींची मांडणी, केला, ओकाने सोपा पण स्वच्छ केला. पॅरिसचा नियम म्हणाला, बरोबरी झाली तर सफाई मोठी. ठीक आहे.

पण तीनच वर्षं मागे जा. टोकियो, पुरुषांचा फ्लोअर. इस्रायलचा आर्तेम डोल्गोप्यात आणि स्पेनचा रायडर्ली झापाता, दोघांनाही १४.९३३. डोल्गोप्यातचे ६.६ आणि ८.३३३, झापाताचे ६.५ आणि ८.४३३. सफाई झापाताची जास्त. तरी सुवर्ण डोल्गोप्यातला, कारण तिथे अवघडपणा मोठा धरला गेला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पॉमेल हॉर्सवर (मुठी लावलेल्या घोड्यावर) हंगेरीचा क्रिस्तियान बेर्की आणि ब्रिटनचा लुई स्मिथ १६.०६६ वर बरोबरीत होते, तेव्हा सफाईवर बेर्कीला सुवर्ण मिळालं होतं. लंडनला सफाई, टोकियोला अवघडपणा, पॅरिसला परत सफाई. झापाता पॅरिसच्या नियमात खेळला असता तर सुवर्ण त्याचं. बाराहास टोकियोच्या नियमात खेळला असता तर सतराव्या वर्षी तो ऑलिंपिक विजेता झाला असता. कोलंबियाला जिम्नॅस्टिक्समध्ये आजवर ऑलिंपिक पदकच नव्हतं, ते त्याने मिळवून दिलं. आनंद मोठाच. पण रंग ठरला तो कसरतीवर नाही, त्या वर्षी नियमाच्या पुस्तकात कोणती ओळ वर होती त्यावर.

पंच म्हणून मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. हे १४.५३३, १३.९६६, १६.०६६ आकडे बघून वाटतं की किती बारीक मोजमाप! तसं नाही. प्रत्येक पंच दशांशाच्या एकाच घरात गुण कापतो. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण देणारे पंच बाजूला काढले की मधल्या तिघांची सरासरी घेतात. तीनने भागलं की ०३३ आणि ०६६ हे शेपूट येतंच. म्हणजे या तिघांपैकी एकाला गुडघा किंचित वाकलेला दिसला आणि त्याने ०.१ कापला, की खेळाडूचे ०.०३३ गेले. यापेक्षा बारीक काही मोजलं जातच नाही. गुण असे पायऱ्यांवरच पडत असतील तर दोन खेळाडू एकाच पायरीवर येणं नवल नव्हे, ते होणारच. आणि तिथे ते खरोखर सारखेच असतात. त्यांच्यात फरक शोधायला जाणं म्हणजे नसलेला फरक तयार करणं.

बीजिंगला २००८ मध्ये हे टोकाला गेलं. अनइव्हन बार्सवर, म्हणजे कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्यांवर, चीनची हे केक्सिन आणि अमेरिकेची नास्तिया ल्युकिन, दोघींचा अवघडपणा ७.७, दोघींची सफाई ९.०२५ (तेव्हा मधल्या चौघा पंचांची सरासरी घेत), एकूण १६.७२५. काहीच वेगळं नाही. मग पंचांनी कापलेले गुण परत उकलले, त्या चौघांतल्या सगळ्यात कमी कापणाऱ्या तिघांची सरासरी काढली, हे केक्सिनची ०.९३३ आणि ल्युकिनची ०.९६६ आली, आणि कमी कापलेल्या हे केक्सिनला सुवर्ण दिलं. ज्यांच्या कापण्याची सरासरी घेऊन गुण सारखे ठरवले, त्यांचंच कापणं परत चाळून गुण वेगळे केले.

माझे वडील कापूस विकायला जायचे तेव्हाचं आठवतं. वजनाबद्दल शंका आली तर म्हणता यायचं, परत काटा करा. पण ग्रेडर बोंडातला चिमूटभर कापूस ओढून, बोटांत धागा ताणून प्रत सांगायचा, ती सांगितली की सांगितली. त्यावर दाद नाही. जिम्नॅस्टिक्समध्ये अगदी हेच आहे. डी स्कोर म्हणजे वजन, त्यावर चौकशी मागता येते, व्हिडिओ बघून तो वाढतो किंवा उतरतोही. ई स्कोर म्हणजे प्रत, त्यावर चौकशी मागताच येत नाही. मग ज्या गुणावर दाद मागायची सोय नाही, नेमक्या त्याच गुणावर ऑलिंपिकचं सुवर्ण ठरवायचं हा कुठला न्याय? सफाईला मान द्यायला माझी मुळीच ना नाही, मला स्वतःला स्वच्छ संचच आवडतो. पण बरोबरी सफाईवर फोडणार असाल तर ती सफाई परत तपासायला उघडी ठेवा.

आता त्या संध्याकाळचा दुसरा भाग, महिलांचा फ्लोअर. रोमानियाच्या आना बार्बोसू आणि साब्रिना मानेका-वोइनिया, दोघींना १३.७००. सफाईचे गुण बार्बोसूचे जास्त, म्हणून ती पुढे. शेवटची खेळाडू अमेरिकेची जॉर्डन चाइल्स, तिला १३.६६६. बार्बोसू झेंडा घेऊन आनंद साजरा करू लागली. तेवढ्यात चाइल्सच्या प्रशिक्षिकेने अवघडपणाची चौकशी मागितली, ०.१ वाढला, १३.७६६ झाले, कांस्य चाइल्सचं. बार्बोसूच्या हातातून झेंडा खाली पडला. पुढे प्रकरण क्रीडा लवादाकडे गेलं आणि लवादाने १० ऑगस्टला सांगितलं की शेवटच्या खेळाडूसाठी चौकशी मागायला एक मिनिट असतं, ती एक मिनिट चार सेकंदांनी मागितली. पदक बार्बोसूकडे गेलं. अमेरिकेचं म्हणणं, आमच्याकडे सत्तेचाळीस सेकंदांत मागितल्याचा व्हिडिओ आहे. मग वाद स्वित्झर्लंडच्या न्यायालयात गेला.

सगळे या चार सेकंदांबद्दल बोलले. मला साब्रिनाबद्दल बोलायचं आहे, कारण तिच्याबद्दल फार कमी लोक बोलले. तिचा ०.१ गुण रेषेबाहेर पाऊल गेल्याबद्दल कापला होता. पाऊल बाहेर गेलंच नाही, असं रोमानियाचं म्हणणं. तो दंड नसता तर तिचे १३.८०० झाले असते, म्हणजे बार्बोसूपेक्षाही जास्त आणि चाइल्सच्या वाढलेल्या गुणांपेक्षाही जास्त. बरोबरीचा प्रश्नच आला नसता. लवादाने तिची मागणी फेटाळली. मैदानावर त्या दंडाविरुद्ध वेळेत दाद मागितली गेली नव्हती, आणि सतरा वर्षांची मुलगी संच संपवून धापा टाकत असताना रेषेचा दंड लागला का हे तिने स्वतः बघायचं का? हे काम पंचांनीच व्हिडिओ बघून आपणहून करायला हवं. रेषेला मत नसतं. टाच बाहेर टेकली किंवा नाही टेकली.

मी दोरीच्या मल्लखांबाला पंच असते तेव्हा काय दिसतं ते सांगते. मुलगी पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटात दोरी धरून चढते, वर अढी, म्हणजे दोरीचा विळखा, घालते, हात सोडते. दोरी टांगलेली असते, ती फिरते. तिच्याबरोबर मुलगी फिरते. मला तिचा ताणलेला पंजा दिसतो त्याच क्षणी पलीकडच्या पंचाला तिची पाठ दिसते, आणि तिसऱ्याला वाकलेला गुडघा. तिघांनी प्रामाणिकपणे वेगवेगळे गुण लिहिले तर त्यात नवल नाही. म्हणून तर सरासरी काढतात. सरासरी सारखी आली तर मुली सारख्या, इतकं साधं आहे.

एका स्पर्धेत अशा दोन मुली सारख्या गुणांवर आल्या. आयोजकांनी गुण लागल्यानंतर सांगितलं, जिचं वय कमी तिला पहिला क्रमांक. हे आधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी आणि दुसऱ्या एका पंचांनी हरकत घेतली, ती कागदावर घेतली गेली आणि तिथेच राहिली. दुसरी आलेली मुलगी पारोळ्याकडची. ती टेबलाजवळ येऊन मला म्हणाली, “मॅडम, मन्हं काय चुकनं?” तिचं काहीच चुकलं नव्हतं. आणि मी तिला तेच सांगितलं, आयोजकांसमोर सांगितलं.

स्टाफरूममध्ये यावर बोलणं निघालं की कुणीतरी म्हणतंच, मॅडम, सगळ्यांना सुवर्ण दिलं तर सुवर्णाला किंमत काय? सगळ्यांना द्या असं मी म्हणतच नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पॉमेल हॉर्सचं सुवर्ण फिनलंडच्या तिघांनी वाटून घेतलं होतं. २०१५ मध्ये ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत अनइव्हन बार्सवर चौघींना १५.३६६ गुण मिळाले आणि चौघींना सुवर्ण दिलं. दोन रशियन, एक चिनी, एक अमेरिकन. आभाळ कोसळलं नाही. टोकियोतही महिलांच्या फ्लोअरवर माई मुराकामी आणि अँजेलिना मेल्निकोवा यांनी कांस्य वाटून घेतलं. एवढं सगळं होऊन गेलं असताना ऑलिंपिकमध्ये बरोबरी आधी फोडून बघायचीच, हा हट्ट का? दुसरं कुणी म्हणतं, आता मशीन गुण देणार. फुजित्सूची कॅमेऱ्यांवर चालणारी यंत्रणा २०१९ च्या श्टुटगार्ट जागतिक स्पर्धेपासून पंचांच्या मदतीला आली आणि २०२३ मध्ये अँटवर्पला सगळ्या साधनांवर वापरली गेली. कोन मोजायला, फिरकी पूर्ण झाली का बघायला ती उत्तम, येऊ द्या. पण मशीननेही सारखेच गुण दिले तर काय करायचं, हे माणसांनाच ठरवायचं आहे.

आमच्याकडच्या पुढच्या स्पर्धेच्या आयोजकांना मी या महिन्यात पत्र दिलं आहे. पत्रात दोनच मागण्या आहेत. सारखे गुण आले तर क्रमांक दोघींना द्यावा आणि पुढचा क्रमांक रिकामा ठेवावा. आणि दुसरा कुठलाही नियम लावायचा असेल तर तो प्रवेशिकेवरच छापावा, म्हणजे संच बसवायच्या आधी मुलींच्या आणि त्यांच्या शिक्षकांच्या हातात पडेल. पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे. तुमच्या तालुक्यात तुम्ही पंच असाल किंवा तुमची मुलगी खेळत असेल, तर हेच दोन मुद्दे तुमच्या आयोजकांकडेही लेखी मागा. पत्राचा मसुदा हवा असेल तर मी पाठवते.