अलिबागला कसे जावे

‘अलिबागहून आलायस का?’ हा प्रश्न मुंबईत समोरच्याला खुळ्यात काढण्यासाठी विचारतात. त्यावर बंदी घालावी म्हणून केलेली याचिका उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळली, तेव्हा तो प्रश्न आता कायमचाच आमच्या वाट्याला आला आहे. मला मात्र त्याहून अवघड वाटतो तो याच्या उलटा प्रश्न, अलिबागला जायचे कसे? गेटवेपासून मांडवा समुद्रातून जेमतेम वीस किलोमीटर आहे आणि रस्त्याने अलिबाग गाठायचे तर शंभराच्या आसपास किलोमीटर तुडवावे लागतात. मधल्या पाण्यामुळे प्रत्येक घरात या प्रवासाचा एकेक पंथ तयार झाला आहे.

आमच्या घरातला थोरला पंथ एसटीचा. पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड ही नावे मला पाढ्यांसारखी पाठ आहेत. खिंड उतरताना हवेत खारटपणा येतो असे वडील म्हणत. मला तो कधी जाणवला नाही, पण मी मान डोलवत असे. वडखळचा नाका हा या पंथाचा घाट. एकदा वर्षअखेरीस मी तिथे अडीच तास एकाच पांढऱ्या कांद्याच्या माळेकडे बघत बसलो होतो आणि शेवटी कंटाळून ती विकत घेतली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून शिवडीहून थेट पलीकडे उतरता येते खरे, पण पुढे अलिबागसाठी वडखळ चुकत नाही. रेल्वेवाल्यांनी पेणला उतरावे आणि उरलेली वाट पुन्हा रस्त्यानेच धरावी. अलिबागच्या बाजूला जाणारा रेल्वेचा फाटा थळच्या खत कारखान्यापर्यंतचा आहे आणि तो मालगाड्यांसाठी आहे.

नवी पिढी गेटवेहून मांडव्याला जाते. तासाभरात बोट लागते, धक्क्यावर तिकिटातलीच बस उभी असते, हिवाळ्यात मागे येणाऱ्या कुरव पक्ष्यांना गाठ्या टाकण्याची करमणूकही होते. पावसाळ्यात ही वाट बंद असते. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सुरू झाली, तेव्हापासून माझा मावसभाऊ मोटारीसकट समुद्र ओलांडतो आणि गाडीला एकही खड्डा लागला नाही हे ज्याला त्याला ऐकवतो. सोय उत्तम आहे, यात वाद नाही. पण वातानुकूलित दालनात बसून खाडी ओलांडली की आपण कुठे निघालो आहोत हे उतरेपर्यंत ध्यानात येत नाही, अशी माझी तक्रार आहे, आणि ती ऐकून घेणारे घरात कोणी नाही.

मी स्वतः भाऊच्या धक्क्याहून रेवसची लाँच धरतो. धक्क्यावर मासळीचा वास, फळकुटांचे बाक, डिझेलची धडधड आणि तासाहून अधिक वेळ. तिचे खरे वेळापत्रक पंचांगात असते, कारण ओहोटीला रेवसच्या धक्क्याशी गाळ उघडा पडतो. मागे एकदा आमची लाँच अशीच बाहेर थबकली. मी चारदा घड्याळ पाहिले. शेजारी रिकाम्या टोपल्या एकात एक घालून बसलेल्या कोळीणबाईंनी डोळे न उघडताच सांगितले, ‘‘घड्यालात काय बघतोस? पाणी आलं का लागंल.’’ पाऊण तासाने पाणी आले, लाँच लागली, आणि त्या माझ्याआधी उतरून गेल्यासुद्धा.

थळच्या माझ्या आत्याला हे सगळे तोंडपाठ आहे. तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते : अष्टमीला सहा, म्हणजे सुकती, पूर्ण ओहोटी, बाराच्या सुमारास. पाहुण्यांनी अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत केव्हा जावे, हेही ती याच हिशेबाने ठरवते आणि परतायला उशीर करणाऱ्यांची अजिबात गय करत नाही. मी येतो म्हणून फोन केला की ती गाडी कोणती, असे विचारत नाही. तिथी कोणती, असे विचारते. काल रात्री मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयासमोर फोन कानाला लावून उभा होतो.

‘‘शनिवारी दशमी आहे, आत्या.’’

‘‘म्हणजे साडेसातची भरती. सकाळच्या पहिल्या लाँचला बस, आणि येताना पाव आण. इथला पाव तुझ्या काकांना आवडत नाही.’’