कोरा गुरुवार

मंगळवार, रात्री सव्वादहा

वजन उतरवायला मला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमचे काल सकाळी उत्तर आले. दर रविवारी संध्याकाळी मी खाण्या-वजनाच्या वहीच्या, रोजचे एक अशा सात पानांचे फोटो पाठवते आणि सोमवारी त्यांच्या दोन ओळी येतात, कधी कौतुकाच्या, कधी रात्रीच्या भाताविषयी. या वेळी त्यांनी एवढेच लिहिले होते: ‘ताई, सरासरी छान आहे. गुरुवार कोरा कसा?’ यात रागावण्यासारखे काही नाही, टोचून बोलल्यासारखे तर मुळीच नाही. तरीही कालपासून तो प्रश्न माझ्या मागे लागला आहे. आज कुकर लावताना, बँकेच्या रांगेत, संध्याकाळी टेकडी चढताना मी मनातल्या मनात त्याला उत्तरे देत होते, आणि त्यांतले एकही खरे नव्हते.

पहिले उत्तर असे की दादाकडे वर्षश्राद्ध होते आणि त्या पानावरचे घास मोजायचे नसतात. हे कोणालाही पटले असते. पण याच वहीत गणपतीतले मोदक आहेत, तीन उकडीचे, वर दोन चमचे तूप, असे स्पष्ट लिहिलेले. पुतणीच्या साखरपुड्याची पंगतही आहे. तेव्हा हात अडला नाही. दुसरे उत्तर असे की दिवसभर धावपळ होती. तेही खरे नाही, कारण वही पर्समध्येच होती आणि रात्री घरी आल्यावर मी ती उघडून वर तारीखसुद्धा घातली होती. मग मिटून ठेवली. तारीख घातलेले आणि खाली काहीही नसलेले ते पान फोटोत फार मोठे दिसते.

काल दुपारी मला स्वतःची कीवही आली. पाच महिने रोज सकाळी, चहाच्या आधी, मी काट्यावर उभी राहते आहे. ७८.४ किलोपासून ७३.१ पर्यंत आले, म्हणजे मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त उतरले, आणि एवढ्यानेही रक्तातल्या साखरेला फायदा होतो हे डॉक्टरांनीच सांगितले होते. या पाच महिन्यांत घरात कोणी विचारले नाही की चहातली साखर कधी सोडलीस. आणि विचारले गेले ते एका पानाविषयी. माझ्या बाजूचा दाखलाही मी शोधून ठेवला होता. अमेरिकेत सुमारे १,७०० जणांवर झालेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात आठवड्यातले सहा किंवा अधिक दिवस खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचे वजन, एखादाच दिवस लिहिणाऱ्यांच्या किंवा मुळीच न लिहिणाऱ्यांच्या साधारण दुप्पट उतरले होते. माझेही सहा दिवस भरलेलेच आहेत. पण मॅडमनी नुकसान किती झाले असे कुठे विचारले होते? त्यांनी गुरुवार विचारला होता.

शुक्रवारी काटा ७४.५ दाखवत होता. त्याचे मला काही वाटले नाही, हे मला आज नवल वाटते. मीठ जास्त गेले की शरीर पाणी धरून ठेवते, आणि भात-खिरीतून साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे शरीराने राखून ठेवलेल्या साखरेबरोबर, सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते, हे आता मला पाठ आहे. म्हणून आम्ही सात दिवसांची सरासरी पाहतो, एका सकाळचा आकडा पाहत नाही. रविवारी तो ७३.३ झालाही. काट्यासमोर मला लाज वाटत नाही. काट्याला गुरुवार माहीत नसतो. लाज वहीची वाटते, कारण ती कोणीतरी वाचते.

आणि कोणीतरी वाचावी म्हणूनच मी मॅडमकडे गेले होते. त्यांनीच पहिल्या भेटीत २००६ चा एक प्रयोग सांगितला होता. वजन किमान दहा टक्के उतरवलेले ३१४ जण त्यात होते. काहींना नुसते माहितीपत्रक, काहींना इंटरनेटवरून आणि काहींना समोरासमोर बसून मार्गदर्शन मिळाले. मार्गदर्शन मिळालेल्या दोन्ही गटांना रोज वजन करायलाही शिकवले होते. अठरा महिन्यांनंतर २.३ किलो किंवा त्याहून अधिक वजन परत चढलेल्यांचे प्रमाण माहितीपत्रकाच्या गटात ७२ टक्के, इंटरनेटच्या गटात ५५ आणि समोरासमोरच्या गटात ४६ होते. तेव्हा मी मान डोलावली होती. आपल्यालाही विचारणारे कोणी हवे, असे मीच म्हणाले होते. विचारले जाणे असे असते, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

आज टेकडीवरून उतरताना १९९२ चा आणखी एक अभ्यास आठवला, दहा जणांचा, ज्यांना वाटे की आपण १,२०० कॅलरींहून कमी खातो तरी वजन हलत नाही. मोजून पाहिले तेव्हा त्यांनी आपले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगितलेले निघाले. पूर्वी मला वाटे, इतके कसे विसरले. आता वाटते की त्यांच्याही मनात असे एखादे ओट्यापाशी उभ्याने खाल्लेले असेल, जे त्यांच्या लेखी खाणेच नव्हते.

माझे तसेच झाले. पंगत उठल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. वहिनीने वडे आईच्या प्रमाणाने केले होते, तोच पितळी डबा, तेच झाकण. दादा बाहेर घराच्या कागदांविषयी बोलत होता. त्याविषयी इथे लिहीत नाही. मी वडे खात होते आणि मला भूक नव्हती, आणि वहीत चौथा रकाना ‘भूक होती का?’ असा आहे. पदार्थ लिहायला मी कचरले नव्हते. कचरले ते त्या रकान्याला. ‘नाही’ लिहिले की पुढे ‘मग का?’ येते, आणि मॅडम ते वाचतात. पण त्यांनी ‘का’ कधीच विचारलेले नाही, हे आता लिहिता लिहिता लक्षात येते आहे. पाच महिन्यांत एकदाही नाही. तो प्रश्न मीच त्यांच्या तोंडी घालत आले. वहीचा रकाना ‘नाही’ एवढ्यावर भरतो.

आत्ता पान काढून लिहिले.

गुरुवार. दुपारी दीड. भात दीड वाटी, कढी, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, वडे तीन, खीर एक वाटी. भूक होती.

दुपारी पावणेतीन, ओट्यापाशी. वडे पाच, खीर अर्धी वाटी. भूक नव्हती.

रात्री जेवले नाही.

साडेदहा वाजून गेले आहेत, इतक्या उशिरा कोणाला फोटो पाठवू नये. सकाळी वजन झाले की पाठवीन.