कुलमुखत्यारपत्र कुठवर साथ देतं?

घरातल्या ज्येष्ठांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं की कुणीतरी सुचवतं, "आत्ताच एक कायमचं कुलमुखत्यारपत्र करून घ्या, मग पुढची चिंता नाही." कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला, म्हणजे मुखत्याराला, देणारा कागद. परदेशातली मुलं तर ऑस्ट्रेलियातला किंवा न्यूझीलंडमधला तयार मसुदाच पाठवतात. तिकडच्या कायद्यात देणाऱ्याची समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र आहे. आपल्याकडे ते नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 201 नुसार देणारी व्यक्ती वारली किंवा तिची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी! "माझ्या मानसिक अक्षमतेनंतरही हे अमलात राहील" असं वाक्य घालून काही साधत नाही. "अपरिवर्तनीय" हा शब्दही वाचवत नाही. कलम 202 चा अपवाद आहे, पण तो मुखत्याराचं स्वतःचं हित त्या मिळकतीत गुंतलेलं असेल तेव्हाचा. सांभाळ करणारी मुलगी त्यात बसत नाही.

हे कळतं कधी? बहुतेक वेळा दुय्यम निबंधकांच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर. मुखत्यार म्हणून दस्त नोंदवायला गेलं की एक घोषणापत्र द्यावं लागतं: लिहून देणार हयात आहेत, मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही, अन्य कोणत्याही कारणाने ते रद्दबातल ठरलेलं नाही. कथन खोटं निघालं तर नोंदणी अधिनियम, 1908 चं कलम 82 लागतं, त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. आईला काही समजत नाही हे माहीत असताना त्यावर सही करू नका, एजंट कितीही म्हणाला "सगळे करतात" तरी.

मग मुखत्यारपत्र करूच नये का? जरूर करावं. हात थरथरतो, जिना उतरवत नाही, दिसत नाही, पण समज शाबूत आहे, अशा माणसासाठी ते उत्तम आहे. निदान झालं म्हणून क्षमता लगेच गेली असंही नाही. करार अधिनियमाचं कलम 12 पाहतं ते एवढंच, की सही करताना व्यक्तीला व्यवहार समजतो का आणि त्याचा आपल्यावर काय परिणाम होईल हे ठरवता येतं का. म्हणून सहीच्या दिवशीचंच डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या. त्यात नुसतं "फिट" नको. तारीख, वेळ, ओळखपत्राचा तपशील आणि "दस्ताचा मजकूर समजून सांगितला असता त्यांना तो समजतो" हे हवं. साक्षीदार मिळकतीत वाटा नसलेले घ्या.

नोटरीचा कागद वीजबिल, सोसायटीचा पत्रव्यवहार अशा किरकोळ कामांना चालतो. पण मुखत्याराने देणाऱ्याच्या वतीने दस्त नोंदणीला सादर करायचा असेल, तर देणारा राहतो त्या भागाच्या निबंधकाने किंवा दुय्यम निबंधकाने प्रमाणित केलेलं मुखत्यारपत्र लागतं (नोंदणी अधिनियम, कलम 33). नवी मुंबईत इथेच घोळ होतो. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. फ्लॅट नेरूळला आणि आजी खारघरला राहत असतील, तर प्रमाणित करताना आजींचा पत्ता पाहायचा, फ्लॅटचा नाही. आजारपणामुळे कार्यालयात जाणं धोक्याचं असेल तर त्याच कलमात सूट आहे. अधिकारी घरी येऊन तपासणी करू शकतात. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून लेखी अर्ज करा.

मुद्रांक साधारण 500 रुपयांचा. विक्रीचे अधिकार मोबदल्याशिवाय आईवडील, भाऊबहीण, नवराबायको, मुलं किंवा नातवंडांना दिले तरी तेवढाच. जावई, सून, पुतण्या या यादीत नाहीत. त्यांना विक्रीचे अधिकार दिलेत तर खरेदीखताइतकं मुद्रांक शुल्क लागू शकतं, लाखांतलं. मुलाऐवजी "सुनेच्या नावे करू, ती इथेच असते" असं ठरवण्याआधी हे ध्यानात असू द्या.

मसुद्यात "सर्व अधिकार" लिहून भागत नाही, कारण न्यायालयं मुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोरपणे, लिहिलंय तेवढाच लावतात. फ्लॅट क्रमांक, सेक्टर, क्षेत्रफळ, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक लिहा. विकणं, दस्तावर सही करणं, नोंदणीला हजर राहणं हे वेगवेगळं लिहा. सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) भाडेपट्ट्यावरची जागा असेल तर हस्तांतरणाच्या परवानगीसाठी सिडकोसमोर अर्ज आणि सही करण्याचा अधिकार नाव घेऊन द्या. विक्रीची रक्कम फक्त देणाऱ्याच्याच खात्यात जमा होईल, ही अट आवर्जून घाला. ज्येष्ठांची फसवणूक रोखणारी याहून साधी ओळ नाही. मुखत्यार दोन असतील तर "एकत्रित की स्वतंत्रपणे" हेही लिहा.

मुखत्यारपत्राबाहेरची कामं समज शाबूत असतानाच उरकायची. बचत खातं "आयदर ऑर सर्व्हायव्हर" करा, म्हणजे दोघांपैकी कुणा एकाच्या सहीने ते चालतं. मुदत ठेवींचं मात्र वेगळं आहे: दोघे हयात असताना मुदतीआधी मोडायची तर दोघांच्याही सह्या लागतात, तेव्हा मोठी एक ठेव न ठेवता लहान लहान, वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवा. नामनिर्देशन मृत्यूनंतरच कामी येतं, आजारपणात नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 14 खाली साध्या कागदावर सही किंवा अंगठ्याने प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांपुरता. मिळकतीवर त्याचा अधिकार नाही.

आणि समज आधीच गेली असेल तर? 1987 च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मिळकतीसाठी पालक नेमून घेण्याची सोय होती. 2017 च्या कायद्यात ती राहिली नाही. कोमा किंवा तीव्र स्मृतिभ्रंशात आता मुंबई उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली याचिका करून पालक नेमून घ्यावा लागतो. निदानाचे कागद, मिळकतीची आणि खात्यांची यादी, उपचारांचा खर्च आणि इतर वारसांची लेखी संमती आधीच गोळा करा. तोवर जुन्या मुखत्याराने नवे व्यवहार करायचे नाहीत. मात्र करार अधिनियमाच्या कलम 209 नुसार हाती असलेली मिळकत जपण्यासाठी वाजवी ती पावलं उचलणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि त्यासाठी केलेल्या प्रत्येक खर्चाची पावती जपून ठेवावी. याचिकेत ती जोडता येते.