तुम्ही विचारलंत म्हणून: दोन डिस्क जोडल्या की कॉम्प्युटर पळतो का?

पळतो. हे आधीच सांगतो, कारण माझं पुढचं ऐकून लोक म्हणतात, "म्हणजे तुम्हाला ते जमलं नाही." जमलं होतं. 2009 च्या हिवाळ्यात, भुसावळच्या आमच्या घरी, 500 जीबीच्या दोन सारख्या डिस्क घेऊन मी रेड झीरो बसवलं, म्हणजे दोन्ही मिळून एकच डिस्क असल्यासारखी जोडणी. एका डिस्कचा वेग सेकंदाला 100 एमबीच्या आसपास यायचा, जोडीचा 190 च्या पुढे गेला. मोठी फाइल इकडून तिकडे हलवताना फरक डोळ्यांना दिसायचा. त्या काळात एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, आमच्या आवाक्यात नव्हती. तेव्हा मी वेडेपणा केला असं मला आजही वाटत नाही.

पण मला वेग कशाला हवा होता, हे कुणी विचारत नाही. घरच्या लग्नांचे आणि सणांचे व्हिडिओ मी जोडायचो. कॅमेरा मिनीडीव्ही टेपचा. तासाभराच्या टेपची फाइल साधारण 13 जीबीची, म्हणजे सेकंदाला जेमतेम 3.6 एमबी. एवढं ओझं तर एकटी डिस्क सहज उचलते. माझं काम अडायचं ते प्रोसेसरपाशी. आणि विंडोज सुरू होणं, बारीकसारीक फाइली उघडणं यात फार फरक पडलाच नाही. 7200 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 7200 फेऱ्यांच्या, डिस्कची तबकडी एक फेरा 8.33 मिलिसेकंदांत घेते. हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावंच लागतं. शेजारी दुसरी डिस्क ठेवल्यानं पहिलीची तबकडी जोरात फिरत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. वाचलं होतं, आणि तरी केलं.

आता ते सांगतो, जे मी एरवी टाळतो.

2008 च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजी झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणाली होती. अहिराणीतली, तिला तिच्या आईकडून आलेली. पाऊण तास. मध्येच खोकला, मध्येच आत्यावर ओरडणं, पुन्हा गाणं. त्याच पावसाळ्यात आजी गेली. टेप मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि पुढच्या लग्नसराईत त्याच टेपवर मावसभावाचं लग्न घेतलं. टेपला पैसे पडायचे, सगळेच तसं करायचे. रेड बसवलं तेव्हा ती फाइल जुन्या डिस्कवरून जोडीवर आणली आणि जुनी डिस्क विकून टाकली.

2010 चा मे. पारा 45 च्या पुढे, दुपारी लोडशेडिंग. वीज आली, मी मशीन चालू केलं आणि आतून टक्, टक्, टक् असा आवाज आला. पडद्यावर एका डिस्कचं नावच नाही, आणि जोडीपुढे लाल अक्षरांत 'फेल्ड'. केबल बदलली, पोर्ट बदलला, रात्री गार झाल्यावर पुन्हा लावून पाहिली. आत्या आखाजीसाठी माहेरी आलेली होती. दारात उभी राहून म्हणाली, "काय व्हयनं रे? मायनं गानं लाव ना." मी म्हटलं, उद्या लावतो.

नाशिकला एका माणसाला दाखवलं. बिघडलेल्या डिस्कचं डोकं तबकडीला घासलं होतं, तिच्यातून काही निघणार नव्हतं. मी म्हटलं, दुसरी तर धडधाकट आहे, अर्धं तरी द्या. त्यानं कागदावर मांडून दाखवलं. रेड झीरो फाइलचे तुकडे करून आळीपाळीनं दोन्ही डिस्कवर ठेवतं. माझा तुकडा 128 केबीचा होता. माझ्या टेपच्या व्हिडिओची एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, 140 केबीहून थोडी जास्त, आवाजही त्यातच. म्हणजे प्रत्येक फ्रेमचा काही भाग गेलेल्या डिस्कवर. पाऊण तासात आजीची एकही फ्रेम पूर्ण नव्हती.

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 मध्ये रेडची कल्पना मांडली, तेव्हा त्यात जोडणीच्या पातळ्या एक ते पाच होत्या. शून्य नंतर चिकटलं. रेडमधला 'आर' म्हणजे 'रिडंडंट', एक डिस्क गेली तरी निभावेल अशी जादा सोय, आणि शून्यात तीच नसते. उलट दोघींपैकी कुणीही गेली की सगळंच जातं.

मग दोष रेडचा का? अनेक वर्षं मी तसंच सांगत आलो. पण एकच डिस्क असती आणि तीच गेली असती तर? फाइल तेवढीच गेली असती. कोऱ्या डीव्हीडींची चवड टेबलावर होती. तीन डीव्हीडींत ती फाइल सहज मावली असती. पुन्हा वाटतं, एका डिस्कवर धोका निम्मा तर होता. इथे मी दर वेळी अडकतो.

आज घरच्या मशीनसाठी विचाराल तर एक एसएसडी घ्या. हार्ड डिस्कसारखीच साटा केबलनं जोडायची साधीसुद्धा सेकंदाला 500 एमबीच्या वर जाते, आणि तबकडी नसल्यानं फेऱ्याची वाट पाहणं नाही. माझ्याकडे आता दोन डिस्कचं रेड वन आहे, एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर. तेही बॅकअप नव्हे. चुकून फाइल पुसली तर दोन्हींवरून पुसली जाते.

तरीही झीरोच करायचं असेल तर या, मी बसवून देतो. येताना तिसरी डिस्क आणा. आधी तिच्यावर सगळं उतरवू, फाइली उघडून बघू, मग बायॉसला, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगला, हात लावू.