चार महिन्यांचा माणूस

"चार महिन्यांसाठी आणलेला माणूस जीव लावून खेळेल का भो?"

आज संध्याकाळी जळगावात टपरीवर वाद पेटला. विषय जुनाच, लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा. व्हॅन डाइक, गोमेझ, मातिप, बचावाच्या मध्यभागी खेळणारे तिन्ही सेंटर बॅक जायबंदी, म्हणून फेब्रुवारी २०२१मध्ये शाल्के या जर्मन क्लबकडून ओझान कबाकला लोनवर, म्हणजे मोसमापुरतं उसनं, आणलं होतं. लेस्टरविरुद्ध पहिल्याच मॅचला गोलकीपर अॅलिसनशी गोंधळ, त्यातून लेस्टरच्या वार्डीचा गोल. एक म्हणे फुकट गेला, दुसरा म्हणे अडीनडीला आला हेच खूप.

आमच्यातला एक जण कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. इतका वेळ गप्प होता. म्हणाला, "मे संपल्यावर कुठे जायचं, हे त्याला कोणी विचारलं का?"

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

पोरगा वीस वर्षांचा. देश नवा, बचावात शेजारी हेंडरसन, जो मुळात मिडफिल्डर, मधल्या फळीतला. पुढे कबाक स्वतःही जखमी झाला. लिव्हरपूल इंग्लिश लीगमध्ये तिसरं येऊन युरोपातल्या चॅम्पियन्स लीगमध्ये गेलं, याला मात्र ठेवून घेतलं नाही. करारात चूक काहीच नाही, मान्य. पण निष्ठा मोजायची ती फक्त येणाऱ्याचीच का? आणणाऱ्याची कोण मोजणार?