माझा अनुभव : दत्तक आदेश आणि दोन कार्यालयांमध्ये अडकलेली फाईल

आमच्या मतदारसंघाच्या खासदारांचा छापील कार्यवृत्तांत नुकताच घरोघरी वाटला गेला. त्यात महिला व बालकांच्या संरक्षणासाठी झालेल्या कायद्यांना एक अख्खे पान दिले आहे. दत्तकाचे आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यामुळे पालकांचे हेलपाटे वाचले, अशा आशयाचा मजकूर त्या पानावर वाचला आणि राहवले नाही. हा बदल ज्या काळात लागू झाला, नेमक्या त्याच काळात आमच्या मुलीचे प्रकरण सुनावणीच्या टप्प्यावर होते आणि आमचे हेलपाटे त्या बदलानेच वाढवले.

आधीच्या टप्प्यांबद्दल माझी तक्रार नाही. ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, पोर्टलवरची नोंदणी, समाजसेविकेची गृहभेट आणि तिचा अहवाल हे सगळे सुरळीत पार पडले. प्रतीक्षायादीत तीन वर्षांहून अधिक काळ गेला, पण तेवढी मनाची तयारी बहुतेक पालकांनी केलेलीच असते. मुलीची माहिती पडद्यावर आल्यावर निर्णयासाठी 48 तास मिळतात. आम्हाला त्यातला फारसा वेळ लागला नाही. दत्तकपूर्व संगोपनाच्या, म्हणजे आदेश होईपर्यंत मूल सांभाळण्याच्या, कागदांवर सह्या झाल्या, मुलगी घरी आली आणि मूल दत्तक देणाऱ्या संस्थेने जिल्हा न्यायालयात अर्ज दाखल केला.

येथपर्यंत मूल घरात असते, पण कायद्याने ते अजून तुमचे नसते. अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाल द्यावा, असे बाल न्याय अधिनियमाचे कलम 61 सांगते. आमचे दोन महिने भरण्याच्या आतच 1 सप्टेंबर 2022 रोजी सुधारणा अमलात आली आणि त्या कलमातल्या ‘न्यायालया’च्या जागी ‘जिल्हा दंडाधिकारी’, म्हणजे जिल्हाधिकारीच, आले. ही सुधारणा लोकसभेने 24 मार्च 2021 रोजी आणि राज्यसभेने 28 जुलै 2021 रोजी, तीही गदारोळात, मंजूर केली होती. म्हणजे अंमलबजावणीच्या तयारीसाठी वर्षाहून अधिक काळ हाताशी होता. तरीही नवे दत्तक विनियम निघाले ते 23 सप्टेंबरला, अधिकार बदलल्यानंतर तीन आठवड्यांनी, आणि प्रलंबित प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्ग करण्याचे ‘कारा’चे पत्र त्यानंतर आले.

आमची तारीख होती त्या दिवशी आमचे प्रकरण बोर्डावर, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवशीच्या कामांच्या यादीत, नव्हते. चौकशी केली तेव्हा लिपिकाने रजिस्टरवरची नजर न काढता सांगितले, “मॅडम, हे मॅटर आता इथे चालत नाही. कलेक्टर ऑफिसला जा.” जिल्हाधिकारी कार्यालयातल्या बारनिशीत, म्हणजे टपाल नोंदवणाऱ्या विभागात, मात्र आमच्या फाईलची आवक नोंद नव्हती, आणि नोंद नसलेल्या फाईलबद्दल बोलायला तिथे कोणीही तयार नव्हते. महसूल शाखेने महिला व बालविकास कार्यालयाकडे बोट दाखवले, त्या कार्यालयाने बाल संरक्षण कक्षाकडे, आणि कक्षातल्या भल्या माणसाने स्पष्टच सांगितले की आदेशाचा नमुना कोणता वापरायचा याविषयी वरून मार्गदर्शन मागवले आहे. फाईल न्यायालयातच होती. पुढे पाठवायच्या गठ्ठ्यात लाल फितीने बांधून ती कपाटावर ठेवली होती आणि वरच्या चिठ्ठीवर फक्त ‘वर्ग’ एवढाच शब्द लिहिलेला होता.

याच सुमारास खासदारांच्या संपर्क कार्यालयात अर्ज दिला. तिथून शिफारसपत्र मिळाले, त्याला बारनिशीत तत्परतेने आवक क्रमांकही मिळाला, आणि त्यापलीकडे काही घडले नाही. पत्र घ्यायला हरकत नाही, पण त्यात तुमच्या अर्जाचा न्यायालयीन क्रमांक आणि दाखल तारीख घालायला सांगा. नाहीतर ते पत्र कोणत्या फाईलला लावायचे हेच कोणाला कळत नाही.

जिल्हाधिकाऱ्यांना हा अधिकार देण्यालाच माझा विरोध आहे, असे कोणी समजू नये. त्यांच्या आदेशावर तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते आणि वकिलाचा खर्चही टळू शकतो. पण जुलै 2018 मध्ये देशभरातल्या न्यायालयांत मिळून दत्तकाची 629 प्रकरणे प्रलंबित होती. एवढ्या मोजक्या प्रकरणांसाठी देशभरच्या चालू फायली एका झटक्यात हलवणे हे धावत्या एसटीचा चालक घाटात बदलण्यासारखे होते. चालू प्रकरणे जिथे आहेत तिथेच संपवावीत आणि नवी नव्या ठिकाणी दाखल व्हावीत, एवढे एक वाक्य कायद्यात घातले असते तर आमचा हिवाळा वाचला असता. सभागृहात शांतपणे चर्चा झाली असती तर ते कोणाला तरी सुचले असते, असे मला अजूनही वाटते.

सुटका झाली ती जानेवारी 2023 मध्ये. प्रलंबित प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवू नयेत, ती न्यायालयांनीच चालवावीत, असा अंतरिम आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला. वर्तमानपत्रातली बातमी घेऊन मी त्याच लिपिकासमोर उभी राहिले, पण बातमीवर काम होत नाही. संस्थेच्या वकिलांनी आदेशाची प्रत जोडून रीतसर अर्ज दिला तेव्हा प्रकरण पुन्हा बोर्डावर आले. सुनावणी बंद दालनात होते. न्यायाधीशांनी आम्हा दोघांना मोजके प्रश्न विचारले, मुलीने त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट मागितला, त्यांनी तो दिला, आणि ज्यासाठी एवढे महिने गेले ते काम चहा निवण्याआधी झाले. मी बाहेर येऊन रडले.

ज्यांचे प्रकरण आता सुरू होत आहे त्यांनी आपल्या जिल्ह्यात आज अर्ज कोणासमोर चालतो, हे संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे. आदेशाच्या प्रमाणित प्रती एकदमच तीन-चार मागाव्यात, कारण बँक, विमा आणि पासपोर्ट या सगळ्या ठिकाणी त्या लागतात. दत्तकपूर्व संगोपनाच्या शपथपत्राची प्रत तर मुलाच्या लसीकरण कार्डासोबत कायम पिशवीतच असू द्या; दवाखान्यात आडनाव का जुळत नाही, या प्रश्नाला आम्ही तीच पुढे करत होतो. आणि हे आधीच सांगायला हवे होते : शपथपत्रावर सही करण्यापूर्वी आधार कार्डावरचे तुमचे नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहा, कारण आदेशात जे नाव येते तेच पुढे जन्मदाखल्यावर उतरते. दाखल्यासाठीचा अर्ज संस्थेने करायचा असतो. नगरपालिकेच्या खिडकीवर पालकांकडे मुलाच्या जन्मदात्यांचे कागद मागितले गेले, तर वाद न घालता आदेशाची प्रत आणि विनियमांतले संबंधित पान पुढे सरकवावे. आमच्याकडे ते पान दोनदा वाचले गेले, त्यावर आतल्या खोलीत बरीच चर्चा झाली, आणि आठवड्याच्या आत दाखला हाती पडला. बालवाडीचा प्रवेश त्यानंतरच्या सोमवारी घेतला.